कुणाच्या डोळ्यांपासून लपायचं?

जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. टी१सी१ हे त्याचं नोंदवहीतलं नाव. पुढे तो ‘वॉकर’ म्हणून गाजला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याच्या प्रवासाचा नकाशा तयार झाला. नऊ महिन्यांत सुमारे ३००० किलोमीटर चालून, पाच हजारांहून अधिक ठिकाणी आपली नोंद सोडून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. या वाटेवर हिंगोली जिल्हाही होता.

हिंगोलीत घनदाट अरण्य नाही. इथे सोयाबीन आहे, तूर, कापूस, हरभरा, ज्वारी आणि हळद आहे. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगेच्या काठांनी झाडोरा आहे. मधे मधे बाभळीची माळरानं आहेत. दीडएकशे किलोचं, भडक नारिंगी अंगाचं जनावर या उघड्या मुलखातून गेलं, वाटेत रानडुकरं आणि गुरं मारून पोट भरत गेलं आणि बहुतेक गावांना त्याचा पत्ता लागला नाही. तो दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत किंवा उभ्या पिकात पडून राहायचा आणि रात्री चालायचा. हे झालं माणसांपासून लपणं. पण ज्या रानडुकराला तो धरायचा त्याला हा नारिंगी रंग आधी दिसत कसा नव्हता?

उत्तर वाघाच्या अंगावर नाही, डुकराच्या डोळ्यात आहे.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्या दोनच असतात. डुकराच्या डोळ्याची मोजणी झाली तेव्हा एक प्रकार ४३९ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला आणि दुसरा ५५६ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो असं दिसलं. गाय, शेळी आणि मेंढी यांचे आकडे याच्या आसपासच येतात. काळवीट आणि रोही ही गाय-शेळीच्याच कुळातली जनावरं. या डोळ्यांना निळा आणि पिवळा यांतला फरक छान कळतो. लाल, नारिंगी आणि हिरवा हे मात्र एकाच मातकट-पिवळसर पट्ट्यात जमा होतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीने दोन शंकूंच्या नजरेतून वाघाचा रंग तपासला, तेव्हा हिरव्या झाडोऱ्यात लपायला नारिंगी हा जवळजवळ हिरव्याइतकाच उपयोगी ठरला. सस्तन प्राण्याच्या केसांत हिरवं रंगद्रव्य तयार होत नाही. वाघाला त्याची गरजही पडली नाही.

लपण्यासाठी कपडे निवडण्याची गोष्ट इथून सुरू व्हायला हवी. दुकानात हँगरला लावलेली हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची पँट विकत घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना पटावी म्हणून छापलेली असते. तिच्याकडे शेवटी पाहणार आहे ते दुसरंच कुणीतरी, आणि त्याच्या डोळ्यांत शंकूंचे प्रकार आपल्यापेक्षा एक तर कमी आहेत किंवा जास्त.

हिंगोलीच्या शेतांत या ज्ञानाची एक उलटी बाजू रोज दिसते. रानडुकरं आणि रोही आत शिरू नयेत म्हणून शेतकरी बांधाभोवती जुन्या साड्या बांधतात. माणसाला त्या रांगेत लाल, हिरवी, केशरी अशा दहा साड्या दिसतात. डुकराला लाल, हिरवी आणि केशरी जवळपास सारख्याच दिसतात. वेगळी उठून दिसते ती निळी आणि पांढरी. शिवाय वाऱ्यावर फडफडणारं कापड त्याला बुजवतं, कारण हलत्या गोष्टीकडे या डोळ्यांचं लक्ष आधी जातं. घरात निवड असेल, तर बांधाला निळ्या आणि पांढऱ्या साड्या लावाव्यात आणि त्या सैल सोडाव्यात, म्हणजे फडफडतील. आणि ज्याला लपायचं आहे त्याने याच दोन रंगांपासून दूर राहावं. निळी जीन्स ही रानात जाणाऱ्या शहरी माणसाची सर्वांत मोठी चूक असते. अंगात झकास मिलिटरी प्रिंटचा शर्ट आणि खाली जीन्स, असा माणूस काळविटाच्या दृष्टीने कमरेपासून खाली पूर्ण उघडा असतो.

पांढऱ्याची अडचण आणखी खोल आहे. मराठवाड्यातल्या धोतर, सदरा आणि टोपीला नीळ देण्याची पद्धत जुनी; आता तेच काम धुण्याच्या पावडरी करतात. त्यांत कपडा उजळ दाखवणारी रसायनं असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि त्यांची निळसर चमक करून बाहेर टाकतात. ही चमक नेमकी गाय-डुकराच्या निळ्या शंकूच्या पट्ट्यात येते. हरणांच्या डोळ्याचं भिंगही अतिनील प्रकाश माणसाच्या भिंगाइतका अडवत नाही. म्हणून खाकी शर्टसुद्धा अशा पावडरीत वर्षभर धुतला, तर माणसाला तो खाकीच दिसतो आणि सकाळच्या मंद उजेडात हरणाला मात्र निळसर उजळ दिसू शकतो. रानात घालायचे कपडे साध्या साबणाने धुवावेत आणि वासाचं द्रव्य अजिबात लावू नये.

शंकूपेशींची मोजणी विसाव्या शतकातली. लपण्याची विद्या त्याहून किती तरी जुनी आहे, आणि या भागात ती सर्वांत बारकाईने पारध्यांना ठाऊक होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड तेव्हा त्याच प्रशासनात होता. त्या ग्रंथात पारध्यांच्या शाखा त्यांच्या शिकारीच्या पद्धतीवरून सांगितल्या आहेत. फासेपारधी फासे लावणारे, चित्तावाले पाळलेल्या चित्त्याकडून शिकार करवणारे. लपण्याच्या दृष्टीने त्यांतल्या दोन शाखा फार मोलाच्या आहेत.

पहिली गायके. हे लोक शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने हरणांच्या कळपाकडे सरकायचे. बैल चरत चरत पुढे जायचा, माणूस त्याच्या पलीकडच्या अंगाने वाकून चालायचा. कपड्याच्या रंगाला इथे काही महत्त्वच उरत नाही. कळपाला दोन पायांवर उभी आकृती दिसली की धोका कळतो; चार पायांची, मान खाली घातलेली, संथ आकृती रोजच्या ओळखीची असते. त्यात चराऊ जनावराचा वासही मिसळलेला. आजच्या कुठल्याही महागड्या कपड्यापेक्षा ही युक्ती सरस आहे असं ठामपणे म्हणता येतं, कारण ती आकृती, चाल आणि वास या तिन्हींची सोय एकदम लावते. कपडा फक्त रंगाची लावतो.

दुसरी शाखा गोसाई पारध्यांची. हे भगवी वस्त्रं घालून बैराग्यासारखे फिरत आणि हरणं न मारता ससे, कोल्हे, खोकडं धरत. भगवा रंग माणसांच्या नजरेत साधूचा. सशा-कोल्ह्यांच्या दोन शंकूंच्या नजरेत तो सुकल्या गवताजवळचा, मातकट. एकाच कपड्याने दोन प्रकारच्या डोळ्यांसमोर दोन वेगवेगळी कामं केली.

या लोकांच्या वाट्याला पुढे जे आलं ते सांगितल्याशिवाय हे कौतुक अर्धवट राहील. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवलं, आणि पारधीही त्या शिक्क्याखाली भरडले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा उठला. शिक्का लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. रानाचं इतकं बारीक ज्ञान असलेल्या समाजाला आपण संशयाने वागवलं आणि त्या ज्ञानाची नोंद फार थोड्यांनी घेतली. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने रानातल्या लोकांकडून शब्द आणि निरीक्षणं गोळा केली, म्हणून त्यातलं काही मराठीत तरी आलं.

शिकारीची वेळ आता संपली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. या कायद्यात मारणं तर शिकार आहेच. सापळा लावणं, आमिष दाखवणं, जनावर हाकणंही शिकारच धरली जाते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या, उदाहरणार्थ काळविटाच्या, शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे. तित्तिर, लावा आणि ससाही संरक्षित आहेत. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराबद्दल किंवा रोह्याबद्दल वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि ती त्या ठिकाणापुरती, त्या मुदतीपुरतीच असते. त्यामुळे हिंगोलीच्या रानात लपायचे कपडे आज ज्यांना लागतात ते लोक वेगळे आहेत : येलदरी, सिद्धेश्वर आणि इसापूरच्या जलाशयांवर पक्षी बघायला जाणारे, कॅमेरा घेऊन लपणात बसणारे, प्राण्यांची गणना करणारे, गस्तीवरचे वनरक्षक. शिकाऱ्याने शिकलेलं सगळं त्यांच्या कामाचं आहे. गोळी एका क्षणात सुटते. छायाचित्रकाराला मात्र जनावर निवांत चरत असताना तासभर जवळ हवं असतं, म्हणून त्याला शिकाऱ्याहून जास्त चांगलं लपावं लागतं.

आता रंग. हिंगोली शहरात पलटण, रिसाला आणि तोफखाना हे भाग आजही त्याच नावांनी ओळखले जातात. निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथे होती, त्या काळाची ही आठवण. लष्करी कपडा मातीच्या रंगात आला तोही एकोणिसाव्या शतकातच. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पथकाने पांढरा गणवेश धुळीच्या रंगात रंगवला, १८५७ मध्ये अनेक पलटणींनी चहा, तुतीचा रस आणि चिखल वापरून तेच केलं. पण तो रंग सरहद्दीवरच्या कोरड्या धुळीचा होता. हिंगोलीची माती काळी आहे. नांगरलेल्या काळ्या रानात खाकी माणूस पांढऱ्या बगळ्याइतका उठून दिसतो. तोच माणूस डिसेंबरनंतर कुसळी गवत वाळलेल्या माळावर गेला, की त्याच खाकीत बेपत्ता होतो.

एकच कपडा बारा महिने चालत नाही, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. जुलै ते सप्टेंबर सोयाबीन आणि गवत ओलं हिरवं असतं. तेव्हा गडद शेवाळी रंग चालतो. ऑक्टोबरात सोयाबीन पिवळं पडून काढणीला येतं आणि पाठोपाठ रान उघडं पडतं. शेवाळी माणूस आठ दिवसांत उघडा होतो. जानेवारीपर्यंत तूर उभी असते, तिच्या सावलीत तपकिरी चालतो. वसमतकडे जानेवारी-फेब्रुवारीत हळदीचा पाला वाळून शेतं फिकट पिवळी होतात. उन्हाळ्यात माळावर मुरमाचा तांबूस-करडा रंग तेवढा उरतो. ज्याला दोनच जोड परवडतात त्याने पावसाळ्यासाठी शेवाळी आणि उरलेल्या आठ महिन्यांसाठी फिकट खाकी किंवा मातकट-करडा घ्यावा. साधे, एकरंगी, सुती. निम्मं काम त्यातच होतं.

मग छापील नक्षीचं काय? तिच्यामागे खरं शास्त्र आहे. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी १९०९ च्या पुस्तकात पाठ गडद आणि पोट फिकट असण्याचा अर्थ मांडला. उन्हात पाठ उजळते, पोटाखाली सावली पडते. उलट रंगामुळे दोन्ही सारखे होतात आणि अंगाचा गोलवा नाहीसा होऊन जनावर सपाट वाटतं. हिंगोलीच्या शेतात चरणारी काळविटाची मादी, पाठीला पिवळसर तपकिरी आणि पोटाला पांढरी, याचं चालतं उदाहरण आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० मध्ये दुसरी बाजू सविस्तर दाखवली : गडद-फिकट ठळक पट्टे कडेपर्यंत गेले, की आकृतीची बाह्यरेषाच तुटते. डोळा कडा शोधतो. कडा मोडली की जनावर सापडत नाही.

रातवा पक्षी या दोन्ही युक्त्यांचा उस्ताद आहे. दिवसभर तो माळावर पालापाचोळ्यात बसून असतो आणि पाय त्याच्यावर पडायची वेळ येईपर्यंत उडत नाही. त्याच्या पिसांवर करडा, तपकिरी, काळा असे रंग आहेत. पण त्याचं खरं बळ त्या न हलण्यात आहे.

छापील कपड्यांत इथेच गफलत होते. अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘रिअलट्री’ आणि ‘मॉसी ओक’ या कंपन्यांनी झाडाची साल, फांद्या आणि पानं हुबेहूब छापलेली कापडं बाजारात आणली. ती नक्षी तिथल्या ओकच्या जंगलाची आहे. बाभूळ, हिवर आणि पळसाच्या माळावर ती परकी दिसते. त्याहून मोठा दोष अंतराचा. पानांचे बारीक तपशील हातभर अंतरावरून सुंदर दिसतात. पन्नास पावलांवर ते एकमेकांत मिसळून एकच गडद गोळा होतो, आणि त्या गोळ्याला माणसाचाच आकार असतो. माळरानासाठी नक्षी घ्यायचीच असेल, तर मोठ्या ठिगळांची, गडद आणि फिकट यांत ठळक फरक असलेली घ्यावी. शर्ट आणि पँट वेगवेगळ्या छटांची असली तर उत्तम, कारण कमरेपाशी आकृती दुभंगते.

पक्ष्यांपुढे मात्र वाघाची युक्ती चालत नाही. त्यांच्या डोळ्यांत शंकूपेशी चार प्रकारच्या असतात. नारिंगी, लाल, हिरवा हे सगळं त्यांना आपल्याहून बारीक कळतं. तित्तिर किंवा धाविक बघायला भगवा रुमाल बांधून जाणं व्यर्थ आहे. इथे रंग जुळवावाच लागतो. आणि कपड्यांहून जास्त घात करतात ते चेहरा आणि तळहात. गडद कपड्यांतून बाहेर आलेले हात दुर्बीण उचलताना लांबून चमकतात. पातळ मातकट रुमाल नाकापर्यंत, हातमोजे, घड्याळ खिशात, मोबाइलचा पडदा पालथा, एवढं केलं की साधा शर्टही पुरतो.

कापड सुतीच हवं. नायलॉनची जॅकेटं गवतातून चालताना सळसळतात, त्यांच्या पृष्ठभागावर ऊन चमकतं, आणि मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये ती अंगावर ठेवणंच कठीण. विणकाम घट्ट असावं, नाहीतर कुसळं आरपार टोचतात आणि लपून बसलेला माणूस दर दोन मिनिटांनी हलतो. पायात घोट्याच्या वर जाणारे जाड बूट घालावेत. वाळल्या पाचोळ्यात फुरसं आणि घोणस आपल्यापेक्षा कितीतरी चांगले लपलेले असतात.

हिवाळ्यातल्या पहाटेसाठी इथे एक जुनं वस्त्र आहे आणि त्याची किंमत ओळखायला हवी : धनगराची घोंगडी. दख्खनी मेंढीच्या न रंगवलेल्या लोकरीचा काळा-तपकिरी रंग काळ्या रानात आणि सावलीत मुरतो. त्यावर चमक नाही, आवाज नाही. डोक्यावरून खोळ घेतली, की मान आणि खांदे ही माणसाची ओळख पटवणारी रेषाच बुजते. शिवाय माळावरच्या जनावरांना घोंगडी घेतलेला माणूस आणि त्याची मेंढरं रोज दिसतात. गायक्यांच्या बैलामागची सगळी अक्कल एका घोंगडीत आहे.

ओळखीचं दिसणं किती दूरवर काम करतं याचा भीषण दाखलाही हिंगोलीचाच आहे. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर यांनी १८३९ मध्ये ठगांवरची कादंबरी प्रसिद्ध केली. हिंगोलीच्या छावणीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा हरिसिंग हाच त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता, असं त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं आहे. मुंबईहून येणाऱ्या कापडाच्या व्यापाऱ्याला मारून त्याचा माल त्याने छावणीतच उघड विकला. खुद्द टेलरनी त्याच्याशी व्यवहार केले होते.

आजच्या रानात जाणाऱ्याने मात्र गावापासून लपू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केलं. अनोळखी वेश आणि अफवा एकत्र आल्या की काय होतं ते त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिलं. रुमालाने तोंड बांधून, मिलिटरी कपड्यांत, पहाटे कुणाच्या तुरीत शिरण्याआधी पोलीस पाटलांना आणि शेतमालकाला भेटून यावं. लष्करी नक्षी तर टाळलेलीच बरी. भारतीय सैन्याने १५ जानेवारी २०२२ रोजी दाखवलेल्या नव्या नक्षीचे हक्क सैन्याने स्वतःकडे नोंदवून घेतले आहेत, आणि सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेश करणं भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचा.

रात्री राखणीला बसणाऱ्या शेतकऱ्यासाठी तर लपण्यापेक्षा दिसणं महत्त्वाचं. अमेरिकेत अनेक राज्यांनी शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट सक्तीचं केलं आहे. माणसांना ते अर्ध्या मैलावरून दिसतं, हरणाला त्याचं काही वाटत नाही. रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसलं नारिंगी जाकीट मचाणावरच्या माणसाने घातलं, तर शेजारच्या शेतातल्या बॅटरीवाल्याला तो लगेच कळेल आणि डुकराला रंगावरून कळणार नाही. चमकती पट्टी मात्र फक्त पाठीवर असावी, म्हणजे ती पिकाच्या बाजूला येणार नाही.

नवा कपडा पारखायची एक सोपी रीत आहे. तो बांधावर किंवा बाभळीच्या बुंध्याशी, जिथे बसायचं तिथे, अंथरावा. तीस-चाळीस पावलं मागे जाऊन, सूर्य उगवल्यावर लगेच, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि तो कृष्णधवल करावा. रंग निघून गेले की उजेड-अंधाराचा फरक उरतो, आणि बहुतेक वेळा पकडवून देतो तो हाच फरक. कपडा भोवतालपेक्षा उजळ ठिपका म्हणून दिसला, तर तो काळ्या मातीच्या पाण्यात रात्रभर भिजवून, न पिळता वाळवून, पुन्हा तिथेच ठेवून बघावा.